नासी मिन्याक शिजवणारे हात

मलाय गावात लग्नघरातून दोन तऱ्हेची बोलावणी जात. एक जेवायला या म्हणून, दुसरं कामाला या म्हणून. जेवणाचं बोलावणं लांबच्यांना, ओळखीपाळखीच्यांना, शेजारच्या गावातल्यांना जाई. कामाचं बोलावणं मात्र जवळच्यांनाच. ज्याला नुसतं जेवायला बोलावलं, त्याला आपण या घरापासून किती अंतरावर आहोत ते आपोआप कळे; आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याला कांदे सोलायला कुणी हाक मारली नाही, तर ते त्याच्या मनाला लागे. लग्नाच्या काही दिवस आधी यजमान गावातल्या कर्त्या मंडळींना घरी बोलवी, चहापाणी करी आणि सगळ्यांसमक्ष कार्य त्यांच्या स्वाधीन करी. मांडव कोण घालणार, जनावर कोण कापणार, भाताची चूल कुणाकडे, कालवणाची कुणाकडे, ताटं कोण उचलणार, भांडी कोण घासणार, हे त्या बैठकीत ठरे. एकदा ठरलं की यजमानाने स्वयंपाकात लुडबुड करायची नाही. लग्न त्याच्या घरचं, जेवण गावाचं.

या पुस्तकाचा विषय ते जेवण आहे, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यात झालेला पालट. मलाय माणसं अनेक देशांत पसरली आहेत. सुमात्राचा पूर्व किनारा, बोर्निओचा किनारा, थायलंडचा दक्षिण भाग, अशा सगळीकडे त्यांची गावं आहेत आणि प्रत्येक ठिकाणची रीत निराळी. इथे मुख्यतः मलाय द्वीपकल्प, म्हणजे आजच्या मलेशियाचा पश्चिमेकडचा भाग, आणि त्याच्या टोकाचं सिंगापूर यांच्यापुरतं बोलायचं आहे. तिथे अशा गावजेवणाला केंदुरी म्हणतात. मराठवाड्यात पिराच्या नावाने बकरं कापून गावाला जेवू घालतात त्या कंदुरीचाच हा शब्द, फारसीतून दोन्हीकडे पोचलेला. मलाय केंदुरी बारशाची असते, खतन्याची असते, मयताची असते. पण सगळ्यांत मोठी ती लग्नाची.

खाण्यापिण्याच्या बदलाबद्दल लिहायचं म्हटलं की लिहिणारे ताटाकडे पाहतात. काय गेलं, काय आलं, त्याची यादी होते. मलाय लग्नाच्या बाबतीत या वाटेने गेलं तर फारसं हाती लागत नाही, कारण ताट बऱ्यापैकी जागच्या जागी आहे. आजच्या क्वालालंपूरमधल्या वातानुकूलित सभागृहातही पाहुण्याच्या बशीत जे पडतं, ते त्याच्या आजोबाला ओळखू येईल. पालट झाला तो चुलीपाशी. कोण शिजवतं, कुणासाठी शिजवतं, आणि शिजवणाऱ्याला त्याबद्दल काय मिळतं, हे बदललं. मला या सगळ्या विषयाचं मर्म तिथे दिसतं, म्हणून ही प्रस्तावनाही चुलीभोवतीच फिरेल.

तरी ताटाची ओळख करून द्यायलाच हवी, कारण मराठी वाचकाला त्यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. लग्नाचा म्हणून जो भात मानला जातो तो नासी मिन्याक. तुपात वेलची, लवंग, दालचिनी, चक्रीफूल परतून त्यावर शिजवलेला. लग्नाच्या वयाला आलेल्या मुलाला वडीलधारे ‘नासी मिन्याक कधी खायला घालणार?’ असं विचारतात, तेव्हा भाताची चौकशी कुणीच करत नसतं. त्याच्या जोडीला आयाम मासाक मेराह, म्हणजे तळलेली कोंबडी सुक्या मिरच्यांच्या आणि टोमॅटोच्या लाल दाट रश्शात घोळवलेली. गोमांसाचं रेंदांग, नारळाचं दूध आटून मसाला मांसाला चिकटेपर्यंत ढवळलेलं. काकडी आणि अननसाचं आंबट-गोड आचार. आणि दाल्चा: डाळ, वांगी, बटाटे, शेंगा, कधी मटणाची हाडं. औरंगाबाद-परभणीकडे लग्नाच्या जेवणात भाताबरोबर दालचा वाढतात, त्याचा हा सख्खा भाऊ. दक्षिण भारतातल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या मलायात स्थायिक झालेल्या वंशजांनी तो तिथे रुजवला. प्यायला सिराप, गुलाबाच्या वासाचं लालभडक सरबत.

हे झालं सर्वसाधारण ताट. उत्तरेकडे केदाह राज्यात गेलं की जुन्या पद्धतीच्या केंदुरीत भात साधा पांढरा असतो, आणि मान असतो तो मोठ्या कढईतल्या गुलाईला. गुलाई म्हणजे नारळाच्या दुधातलं मसालेदार पातळ कालवण. त्यात गोमांसाबरोबर केळीच्या खांबाचा आतला कोवळा गाभा चिरून टाकतात, किंवा कोवळा फणस. केळीचा खांब परसातला, फणस परसातला. मांस थोडं असलं तरी कढई भरते आणि गाव जेवतं. केलांतानमध्ये मसाल्याने काळसर झालेलं गोमांसाचं केरुतुक. जोहोरमध्ये बातू पाहातची बिर्याणी गाम. ज्यांचे पूर्वज जावाहून आले त्यांच्या गावांत नासी आंबेंग, एकाच परातीत भाताभोवती मांडलेल्या कोरड्या भाज्या, नूडल्स, कोंबडी. तेरेंगानूमध्ये तर नासी मिन्याक सकाळच्या न्याहारीला खातात, त्यामुळे तिथल्या माणसाला लग्नातल्या या भाताचं इतरांइतकं अप्रूप वाटत नाही.

आता चुलीकडे. घराच्या मागे किंवा बाजूला चार खांब रोवून, वर झापं किंवा पत्रे टाकून एक तात्पुरती जागा उभी करत. तिला आणि तिथे राबणाऱ्या माणसांनाही पनांगाह म्हणतात. जोहोर-सेलांगोरकडे, जावाहून आलेल्यांच्या प्रभावामुळे, या सगळ्या मदतीला रेवांग हा शब्द आहे. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक ज्याने पाहिली आहे, त्याला त्याची जात लगेच कळेल. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळपासून बायका चटयांवर गोल करून बसत. कांदे, लसूण, आलं सोलायचं. सुक्या मिरच्यांचे देठ काढून भिजत घालायच्या. नारळ खवून त्याचं दूध पिळायचं. काही खोबरं करपू न देता तांबूस भाजून तेल सुटेपर्यंत कुटायचं, त्याचं केरिसिक रेंदांगला घालायचं. पुरुषांचं काम पहाटे सुरू होई. जनावर कापणं, मांस सोडवणं, सरपण फोडणं, आणि कावाहपाशी उभं राहणं. कावाह म्हणजे गुऱ्हाळाच्या काहिलीएवढी लोखंडी कढई, आणि ती ढवळायला वल्ह्यासारखा लाकडी दांडा. घरात रोज चूल सांभाळणारी बाई, पण केंदुरीची मोठी कढई बऱ्याच गावांत पुरुषांच्या ताब्यात असे. सगळ्यांवर एक प्रमुख. मीठ किती हे त्याने सांगायचं, आणि त्याच्याखेरीज कुणी कढईत काही टाकायचं नाही.

ही माणसं कुठे शिकली? तिथेच. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आधी पाणी भरी, मग ताटं उचली, मग जाळ सांभाळी, आणि वीस वर्षांनी कधीतरी दांडा त्याच्या हाती येई. हजार माणसांना तांदूळ किती, नारळ किती फोडायचे, पावसाची सर आली तर कुठली चूल आधी हलवायची, पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले तर गुलाई फिकी न करता कशी वाढवायची, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. रात्रभर जागून काम चाले. त्यात गप्पा होत, भांडणं मिटत, कुणाची मुलगी लग्नाची झाली आहे हे बायकांच्या नजरेत येई. ताटं नेणारे मुलगे आणि भांडी विसळणाऱ्या मुली एकमेकांना पाहत, ते मोठ्यांच्या डोळ्यांसमोर पाहत. एका लग्नाच्या चुलीपाशी पुढच्या लग्नाची बोलणी सुरू होत.

वाढण्याची पद्धत होती हिदांगची. पाहुणे केतकीच्या जातीच्या पानांच्या चटयांवर मांडी घालून बसत, चारचार-पाचपाच जणांचा गट करून. पुरुष मांडवात, बायका घरात. प्रत्येक गटापुढे एक परात येई, तिच्यात भाताची बशी आणि कालवणांचे वाडगे. पितळी झारीतून हातावर पाणी घातलं जाई. आपल्या पंगतीत प्रत्येकाचं पान वेगळं असतं आणि वाढपी फिरत राहतो. इथे भात आपापल्या ताटात घेतला तरी वाडगे चौघांचे. चौघं अनोळखी असले तरी. मांसाचा चांगला तुकडा आधी कुणी घ्यायचा, वयस्काच्या पुढे वाडगा कसा सरकवायचा, आपण किती वेळा हात घालायचा, हे सगळं न बोलता सांभाळावं लागे. शेवटचा माणूस जेवत असेतो उठायचं नाही. माझ्या मते जेवणाची एवढी शिस्त शिकवणारी दुसरी जागा त्या समाजात नव्हती.

हे सगळं फुकट होतं असं मात्र समजू नये. 1939-40 मध्ये रोझमेरी फर्थ आणि त्यांचे पती, मानवशास्त्रज्ञ रेमंड फर्थ, केलांतानच्या किनाऱ्यावरच्या पेरुपोक या कोळ्यांच्या गावात राहिले. रोझमेरी फर्थ यांचं ‘हाउसकीपिंग अमंग मलाय पेझंट्स’ हे पुस्तक 1943 साली आलं. मासळीवर जगणाऱ्या गरीब घरांत आठवड्याला किती पैसे येतात आणि कशावर जातात, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. तिथल्या मेजवान्यांना पाहुणे तांदूळ आणि पैसे घेऊन येत. कुणी किती आणलं हे लक्षात ठेवलं जाई, आणि त्याच्या घरच्या कार्याला तेवढं, जमलं तर थोडं जास्त, परत जाई. श्रमाचंही तसंच. तुझ्या मुलीच्या लग्नात मी दोन दिवस कढईपाशी होतो, माझ्या मुलाच्या लग्नात तू यायचंस. हे हातउसने पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहत, आणि पूर्ण फिटत कधीच नसत. फिटले असते तर दोन घरांचा संबंधच संपला असता. प्रेम होतं, आपुलकी होती, पण तिला आधार होता तो या कधीही न मिटणाऱ्या हिशोबाचा.

हिशोब मोडायला सुरुवात कुठे झाली? बहुतेक जण केटररचं नाव घेतात. मला वाटतं, आधी शेतात पाहायला हवं. केदाहच्या मुदा खोऱ्यात 1970 च्या सुमारास पाटबंधाऱ्यांचं पाणी आलं आणि एका भातपिकाच्या जागी वर्षाला दोन पिकं निघू लागली. पहिली काही वर्षं सगळ्यांनाच काम होतं, गरिबाच्या हातात मजुरी खेळू लागली. मग त्याच दशकाच्या उत्तरार्धात कापणी-मळणीची मोठी यंत्रं आली. जेम्स स्कॉट हे अमेरिकन अभ्यासक 1978 ते 1980 या काळात तिथल्या एका गावात राहिले; गावाला त्यांनी सेदाका असं टोपणनाव दिलं, आणि 1985 साली ‘वेपन्स ऑफ द वीक’ हे पुस्तक लिहिलं. गरीब शेतकरी उघड बंड न करता कुरबुर, चालढकल, टोपणनावं, निंदा यांनी कसे झुंजतात, यासाठी ते गाजलं. त्या निंदेत केंदुरीचा विषय वारंवार येतो. श्रीमंत आता पूर्वीसारख्या केंदुऱ्या घालत नाहीत, घातल्या तर आखडता हात ठेवतात, आपल्याला बोलवत नाहीत, अशी गरिबांची तक्रार.

स्कॉट यांनी दाखवलेली कारणसाखळी मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी कापणीच्या दिवसांत हात मिळवण्यासाठी मोठ्या शेतकऱ्याला गावाची मर्जी सांभाळावी लागे. बायकांच्या टोळ्या लावणी आणि कापणी करत, पुरुष झोडणी करत. काही कामं देराऊ म्हणून, म्हणजे आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे अशा सावडीने होत. माणूस हवा होता, म्हणून त्याला जेवू घालणं हा व्यवहारही होता आणि धर्मही. यंत्र एका दिवसात शेत साफ करू लागलं आणि गरिबाच्या हाताची किंमत गेली. ज्या माणसाची शेतात गरज उरली नाही, त्याला मांडवात बोलावण्याची निकड राहिली नाही. केंदुरी आटली ती अशी. लग्नाच्या जेवणाचा इतिहास लिहिताना यंत्राचा उल्लेख न करणारा लेख मला अर्धवट वाटतो, आणि तसे लेख पुष्कळ आहेत.

त्याच सुमारास तरुण पोरी गावातून निघाल्या. 1972 मध्ये पेनांगला बायान लेपास इथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झालं, सेलांगोरमध्येही तशीच क्षेत्रं उभी राहिली, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी मलाय गावांतल्या मुली हजारोंनी कामाला घेतल्या. मानवशास्त्रज्ञ ऐहवा ओंग यांनी 1987 च्या पुस्तकात सेलांगोरमधल्या अशा कामगार मुलींचं जग मांडलं आहे. पाळीचं काम, मोजकी रजा. 1971 पासूनच्या सरकारच्या नव्या आर्थिक धोरणामुळे मलाय तरुण शहरात, सरकारी कचेऱ्यांत, विद्यापीठांत गेले. लग्नं सुगीनंतर होत ती शाळांच्या सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी होऊ लागली. शनिवारच्या जेवणाची तयारी शुक्रवारी करावी लागते, आणि शुक्रवारी माणसं कामावर असतात. गावात उरले ते म्हातारे. साठी उलटलेल्या बाईने मांडी घालून दिवसभर कांदे सोलायचे आणि रात्री दोनला उठून भाताचा जाळ पाहायचा, हे किती वर्षं चालणार होतं?

इथे मला ठामपणे काही म्हणायचं आहे. रेवांगच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण कढईपाशी उभ्या राहिलेल्या पुरुषाचं चित्र काढतात. जाळ, धूर, हास्यविनोद, पहाटेची कॉफी. भांडी घासणाऱ्या बाईचं चित्र कमी वेळा येतं. हजार माणसांची उष्टी भांडी, तेलकट पराती, परसात उकिडवं बसून घासायच्या, आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरली तरी आपल्या घरचं काम चुकत नाही. नवऱ्याच्या मामाच्या घरचं कार्य, आईच्या शेजारणीच्या घरचं कार्य, प्रत्येक ठिकाणी नाही म्हणायची सोय नाही. केटरर आला तेव्हा या बायकांना सुटका झाल्यासारखं वाटलं असेल, तर त्यात मला परंपरेचा अपमान दिसत नाही. आणि तरीही, त्याच बायकांची एकमेकींना भेटण्याची, दोन दिवस घराबाहेर राहण्याची, आपल्या हाताचं कौतुक ऐकण्याची जागाही तीच होती, हेही खरं. दोन्ही गोष्टी पूर्ण वजनाने मांडल्याशिवाय हा विषय सुटत नाही.

सिंगापूरमध्ये हा पालट सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण तिथे तो सरकारी आराखड्यावर घडला. 1960 मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत मलाय कंपुंग, म्हणजे गाववस्त्या, एकामागून एक हटवून माणसं उंच इमारतींत नेली गेली. परस गेलं, केळीचा खांब गेला, पनांगाह उभारायची जागा गेली. पण या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, नुसते खांब आणि फरशी. मलाय कुटुंबांनी तो मोकळा तळमजला लग्नासाठी घेतला. पालिकेची परवानगी काढायची, खांबांना कापडं आणि दिवे बांधायचे, टेबलं मांडायची, एका कोपऱ्यात वधूवरांची सजवलेली बैठक, दुसऱ्या कोपऱ्यात मोठी पातेली. वरच्या मजल्यांवरच्या चिनी आणि तमिळ शेजाऱ्यांना कोम्पांग या चपट्या डफांचा आवाज आणि तुपातल्या मसाल्यांचा वास घरबसल्या मिळे. त्याच जागी दुसऱ्या आठवड्यात एखाद्या चिनी घरची अंत्ययात्रेआधीची बैठक असे. इतक्या लहान जागेत इतक्या निरनिराळ्या माणसांचं सुखदुःख मावत होतं, हे सिंगापूरचं मोठं संचित आहे असं मी मानतो.

पहिली पिढी इमारतींत आली तेव्हा कंपुंगची सवय सोबत होती. नातेवाईक जमत, तळमजल्यावर कांदे सोलले जात. मग 1989 मध्ये सरकारने वांशिक समतोलाचं धोरण आणलं. एका इमारतीत एकाच वंशाच्या लोकांची घरं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असू नयेत. मलाय कुटुंबांसाठी ते प्रमाण इमारतीमागे चतुर्थांशाचं होतं. वेगवेगळ्या वस्त्या होऊ नयेत, दंगली होऊ नयेत, हा त्यामागचा विचार, आणि 1964 च्या दंगली पाहिलेल्या देशाने तो करावा हे समजण्यासारखं आहे. पण चुलीच्या बाजूने पाहिलं तर परिणाम असा झाला की बहीण एका उपनगरात, भाऊ दुसऱ्या, जुना शेजारी तिसऱ्या. कामाचं बोलावणं धाडायचं कुणाला? जेवणाचं बोलावणं कितीही लांब जातं. कामाचं बोलावणं चालत जाण्याच्या अंतरापर्यंतच पोचतं.

केटरर तिथून पुढे आला. आधी फक्त जेवण, मग मांडव-खुर्च्या, मग सजावट, नवरीला नटवणारी बाई, छायाचित्रकार, ध्वनियंत्रणा, आणि शेवटी सगळं मिळून एक ‘पॅकेज’. जेवण माणशी दराने मोजलं जाऊ लागलं. हिदांगची जागा बुफेने घेतली. सभागृहांत गोल टेबलाभोवती दहा जण आणि मध्ये झाकलेली भांडी, अशीही एक पद्धत आली. बुफेत पाहुणा आपलं ताट आपण वाढून घेतो, रिकामी खुर्ची शोधतो, जेवतो, वधूवरांसोबत छायाचित्र काढतो आणि पुढच्या लग्नाला जातो, कारण सुट्टीच्या हंगामात एका दुपारी तीन-तीन लग्नं गाठायची असतात. तांदूळ-नारळाच्या जागी पैसे आले. निघताना यजमानाशी हात मिळवायचा आणि तळहातातली नोट त्याच्या तळहातात सरकवायची, याला सालाम काउत म्हणतात. घडी केलेली नोट, कुणाची किती ते दिसत नाही. रीत देखणी आहे, पण जो हिशोब पूर्वी दोन घरांना बांधून ठेवी तो तिथल्या तिथे मिटतो. बहुतेक यजमान त्या पैशातून केटररचं बिल भागवतात.

ताटातही थोडी भर पडली. भाजलेला अख्खा बोकड, साते, आइस्क्रीमचा गाडा, काही शहरी लग्नांत नासी मिन्याकऐवजी अरबी पद्धतीचा मंदी भात. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हौस आणि ऐपत वाढली की सगळीकडेच असं होतं. अंड्याची गोष्ट मात्र सांगायला हवी. पूर्वी प्रत्येक पाहुण्याला निघताना उकडलेलं अंडं मिळे, कागदी किंवा कापडी फुलाला बांधलेलं. बुंगा तलूर, अंड्याचं फूल. वंशवृद्धीची खूण. हजार अंडी उकडायची आणि हजार फुलं करायची म्हणजे घरच्या मुलींना महिनाभराचं काम. आता त्या जागी चॉकलेट, छोटा केक, साबणाची वडी, मिठायांची पिशवी येते. फूल बऱ्याच ठिकाणी टिकलं आहे, अंडं गेलं आहे.

मग 2020 चा मार्च आला. 18 तारखेला मलेशियात टाळेबंदी लागली आणि केंदुऱ्या बंद झाल्या. निर्बंध सैल होत गेले तेव्हा लोकांनी एक तोड काढली: वधूवर रस्त्याकडेला मांडवात बसायचे, पाहुणे गाडीतून सावकाश समोरून जायचे, हात हलवायचे, आणि पुढच्या खिडकीतून जेवणाचा डबा घेऊन घरी जायचे. त्या वर्षीच्या डिसेंबरात पुत्राजायामध्ये एका माजी मंत्र्याच्या मुलाच्या लग्नाला अशा रीतीने दहा हजार पाहुणे येऊन गेल्याची बातमी जगभर झळकली. लोकांना तिचं नवल वाटलं. मला ती एका जुन्या प्रवासातली पुढची पायरी वाटते. आधी चटईवर चौघांत एक वाडगा, मग खुर्चीवर आपलं आपलं ताट, मग गाडीत आपला आपला डबा.

पण प्रवास एकाच दिशेने चाललेला नाही, आणि हे मी दिलासा म्हणून सांगत नाही, तर दिसतं म्हणून सांगतो. जोहोर, केदाह, केलांतानच्या कितीतरी गावांत आज मिश्र पद्धत आहे. मांस आणि भात पैसे देऊन बोलावलेल्या आचाऱ्याकडे. चिराचिरी, वाढप आणि आवराआवर गावाकडे. गावच्या मशिदीची किंवा मंडळाची सामाईक भांडी अजून वापरात आहेत. पनांगाहमधल्या मंडळींना यजमान एकाच रंगाचे, नावं छापलेले टी-शर्ट देतो, आणि शहरातून आलेले पुतणे-भाचे ते घालून कढईपाशी छायाचित्रं काढतात. त्यावर हसणारे आहेत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. कामाच्या बोलावण्याची खूण पूर्वी घामाने मिळे, आता कापडावर छापून मिळते. पण ते बोलावणं आपल्याला यावं असं पंचविशीतल्या मुलाला वाटतं, ही गोष्ट लहान नाही. अडचण वेगळीच आहे. दांडा धरायची हौस त्याला आहे, मीठ किती ते त्याला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते दरवर्षी कमी होत आहेत.

या संग्रहात बहुतेक लिहिणाऱ्यांनी पाहुण्याच्या, यजमानाच्या किंवा अभ्यासकाच्या जागेवरून पाहिलं आहे. वाचकांनी वाचताना आणखी एका जागेवर लक्ष ठेवावं अशी माझी विनंती आहे, ती म्हणजे केटररचं स्वयंपाकघर. कष्ट नाहीसे होत नसतात. आजही लग्नाच्या दिवशी रात्री दोनला कुणीतरी उठतं, कुणीतरी कांद्यांच्या गोणी सोलतं, कुणीतरी भांडी घासतं. त्यांतल्या काही बायका रेवांगमध्ये हात बसलेल्या, त्याच जोरावर छोटा धंदा उभा करून चार पैसे कमावणाऱ्या आहेत. ज्या कामाला पूर्वी नुसतं कौतुक मिळे, त्याला त्यांनी दर लावून घेतला, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. काही जण परदेशातून मजुरीला आलेले आहेत, ज्यांना त्या लग्नातलं कुणीच ओळखत नाही आणि ज्यांच्या लग्नाला त्या मांडवातलं कुणीही कामाला जाणार नाही. जेवणाचं बोलावणं आणि कामाचं बोलावणं यांतलं अंतर पूर्वी एका गावाच्या आत होतं. आता ते कुठवर गेलं आहे, हे या लेखांतून शोधायचं आहे.